क्लच केबल न तुटण्याचा शास्त्रोक्त विधी

जुन्या व्हॅनची क्लच केबल तुटू नये यावर सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे व्हॅन विकणे. ज्यांच्या व्हॅनला गिऱ्हाईक मिळत नाही, त्यांच्यासाठी पुढील मार्गदर्शन.

प्रस्तुत लेखकाचा अधिकार असा : 2003 सालची ओम्नी, पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पुन्हा पासिंग करून घेतलेली, आणि अकरा महिन्यांत चार केबली. चौथी खंबाटकीच्या चढावर गेली. मागे कांद्याचा ट्रक होता आणि ट्रकवाल्याला साताऱ्यात वेळेवर पोचायचं होतं, एवढं त्याच्या हॉर्नवरून समजलं. हिंदी सिनेमात याच गाडीतून माणसं पळवून नेतात. दार सरकतं, माणूस आत, गाडी पसार. एकाही खलनायकाची केबल ऐन वेळी तुटलेली मी पाहिलेली नाही. त्याच्या मिस्त्रीचा पत्ता मिळाला तर हा लेख इथेच थांबवता येईल.

विधीची सुरुवात शरीरशास्त्राने करावी. ओम्नीचं 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, म्हणजे चालक शब्दशः इंजिनावर बसलेला असतो. पेडल त्याच्याही पुढे, आणि क्लच मागे, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यात. पायाचा निरोप पेडलकडून मागे पोचवायचं काम केबलीचं. गाडीच्या पोटाखालून, चिखलपाणी खात, ती हा निरोप दिवसातून शेकडो वेळा नेते. निरोप कोणी घेत नसेल, तर मार शिपायाला बसतो. आपल्याकडे शिपाई बदलण्याची पद्धत आहे, साहेबाला विचारण्याची नाही. केबलीचंही तसंच.

पहिली केबल तुटल्यावर पारंपरिक उपाय करून घ्यावेत, म्हणजे पुढे कोणी बोट दाखवणार नाही. बंपरला लिंबू-मिरची बांधावी. नव्या केबलीत तेल ओतावं, असं सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ सांगतील. ते ओतू नये. हल्लीच्या केबलीत नायलॉनची नळी असते, तेल ओतलं की ती धूळ धरते आणि आत कानसच तयार होते. ग्रीस लावायचं ते पेडलच्या पिनेला आणि केबलीच्या हुकाला, जिथे ते कोणी लावत नाही.

दुसरी केबल तुटली की दोष चालकाला द्यावा. माझ्या घरी हे काम आपोआप झालं. "अहो, तो पाय काढा की क्लचवरून, पायपुसणं आहे का ते?" ही सूचना मला कात्रजपासून शिरवळपर्यंत मिळत असते, आणि ती बरोबर आहे. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं म्हणजे केबल ताणून धरणंच. प्लेट जळते ती वेगळी. शिवाय पेडलला थोडी ढील हवी. हाताने दाबल्यावर ते आधी पाऊण-एक इंच सैल जावं, मग जड लागावं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. ढील नसेल तर मागच्या टोकाचा नट सोडावा. पेडल मुळातच जड असेल, तर नटाशी न खेळता केबल क्लचच्या ज्या फोर्कला ओढते, तो हाताने ओढून बघावा. तो गंजून अडकत असेल किंवा प्रेशर प्लेट थकली असेल, तर कितीही केबली घाला.

तिसऱ्या केबलीला 'डुप्लिकेट माल' हे निदान ठरलेलं आहे. काउंटरवरच्या माणसाने 'ओरिजनल' हा शब्द तीनदा उच्चारला, की बिल न मागता घरी यावं.

आता मुख्य भाग. तुटलेली केबल गॅरेजमध्ये सोडून येऊ नये. आपण चपलेचा तुटलेला अंगठा जपून ठेवतो, पण केबल भंगारात टाकतो; सगळा पुरावा तिच्यात असतो. हुकाशी तुटली असेल तर दोष पेडलकडचा, कोरडी पिन किंवा झिजलेलं बुश. मागच्या टोकाशी तारा एकेक करून उसवल्या असतील, तर फोर्क जड आहे किंवा ओढ तिरकी बसते आहे. कधी इंजिनाचं माऊंटिंग फाटलेलं असतं आणि इंजिनच डुलतं. मध्येच तुटली असेल, तर ती कुठे वाकली होती, सायलेन्सरला चिकटली होती का, ते पाहावं.

माझी चौथी केबल मी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली आणि ओट्यावर चिरली. (हे करताना घरात कोणी नसावं.) आतली नायलॉनची नळी वितळून तारांना काळ्या चिकीसारखी बसली होती. तारा निळसर पडल्या होत्या. सायलेन्सर तर वीतभर लांब. मग एवढी उष्णता आली कुठून?

उत्तर गॅरेजमधल्या एका पोऱ्याने दिलं. मिस्त्री जेवायला गेले होते. त्याने केबल पाहिली, गाडीखाली सरकला आणि म्हणाला, "साहेब, इंजिनला अर्थच नाय." मला वाटलं, तत्त्वज्ञान सांगतोय. पण इंजिन रबराच्या माऊंटिंगवर बसतं, त्यामुळे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध एका जाड पट्टीतून असतो. आधी कधीतरी गिअरबॉक्स उतरवला, तेव्हा ती पट्टी काढली गेली आणि परत लागली नाही. स्टार्टर मारला की शंभरावर अँपिअर करंटला परतीची वाट लागते. पट्टी नाही म्हटल्यावर तो मिळेल त्या धातूतून जातो, आणि इंजिनापासून बॉडीपर्यंत जाणारा सोयीचा धातू म्हणजे क्लचची केबल. रोज सकाळी मी चावी फिरवत होतो आणि केबल शेगडीच्या कॉइलसारखी भाजत होतो.

परीक्षा सोपी आहे. दोन-तीनदा स्टार्टर मारून केबलीला सावधपणे हात लावावा. कोमट लागली तरी पुरे. किंवा जंपर केबलचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं बॉडीच्या उघड्या पत्र्याला लावावं. रडत फिरणारा स्टार्टर एकदम खणखणीत फिरला, तर चोर सापडला. पट्टी बसवताना दोन्ही टोकांचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून काढायचा, एवढंच कौशल्य.

पट्टीला चहाच्या दोन कपांइतके पैसे पडले, बसवायला दहाचा पाना. मिस्त्री जेवून आले तेव्हा पोऱ्या हात पुसत होता. त्यांनी त्याला "लई शहाणा झालास" म्हटलं आणि मला केबलीचे पैसे लावले.

याला दीड वर्ष झालं. सहावी केबल, जी मी धसक्याने आगाऊ घेऊन ठेवली होती, अजून सीटमागे प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. कोणाला हवी असल्यास घेऊन जावी. येताना मात्र आपली तुटलेली केबल बरोबर आणावी.