झिपमधलं मनोगत

मंडळाला यंदा जुन्या स्मरणिकेतलं अध्यक्षांचं मनोगत हवं होतं, आणि भर सभेत मी बोलून गेलो, "आहे माझ्याकडे, डिस्कवर." आमचं प्रभादेवी एरवी असलं बोलणं आरतीच्या आवाजात विसरून जातं, पण हल्लीचा चिटणीस सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतो.

डिस्क म्हणजे झिप. १९९५च्या सुमारास ती आली तेव्हा फ्लॉपीवर १.४४ एमबी मावायचे आणि हिच्यावर १००, त्यामुळे डीटीपी करणारे आम्ही लोक प्रेसला जाताना ती शर्टाच्या खिशात, बाहेरून दिसेल अशी ठेवायचो. माळ्यावरून ड्राइव्ह निघाला तोही नंतरचा, यूएसबीवाला. लॅपटॉपला लावला, खर्रर्र झालं आणि फायली दिसल्यासुद्धा. हिने विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालंच समज."

पण फाइल पेजमेकरची, माझ्याकडचं पेजमेकर विंडोज ९८ वर चालणारं, म्हणून भाच्याने लॅपटॉपच्या पोटात व्हर्च्युअल मशीन करून दिलं आणि तो क्लासला गेला. आता ड्राइव्ह एक आणि कॉम्प्युटर दोन. आतल्याला दिला की बाहेरच्याकडून गायब, बाहेरच्याने घेतला की आतला हात चोळत बसणार, म्हणजे पाडव्याला सासर-माहेर दोन्हीकडून बोलावणं आलेल्या सुनेसारखी त्याची गत. त्यात विंडोज ९८ला यूएसबी डिस्कची ओळखच नाही, तिचा ड्रायव्हर वेगळा टाकायचा. तो आत न्यायला सीडीची इमेज करायची. ती करायचं सॉफ्टवेअर शोधायचं. या गडबडीत गॅसवरचं दूध उतू गेलं, हिचा मोबाइल चार्जिंगवरून मी काढला तो काढलाच, आणि रात्री उशिरा इमेज तयार होऊन ड्रायव्हर एकदाचा आत पोचला. भाचा परत येऊन बघत उभा होता.

"मामा, त्याच इमेजमध्ये फाइलच का नाही टाकली?"

तशी टाकली. फाइल उघडली. पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के आणि डॉलर! युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागा अडवून बसायचे. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी वर येते. आणि माझ्या फॉन्टला लागायचा लॉक, प्रिंटरच्या पोर्टला मागे लावायचा, तो जुन्या कॉम्प्युटरबरोबर भंगारात गेलेला.

तेवढ्यात चिटणीसाचा फोन. "काका, सापडलं ना? वाचा, मी टाइप करतो."

मी पडद्यावरच्या डॉलरांकडे बघत, न अडखळता वाचलं: बाप्पाच्या कृपेने, विभागातील रहिवाशांच्या सहकार्याने, ज्ञात-अज्ञात देणगीदारांचे आभार मानून, कार्यकर्त्यांच्या अथक परिश्रमांना वंदन करून, काही उणीव राहिल्यास उदार अंतःकरणाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वर्षीच्या अध्यक्षांचाच फोन आला. गळा दाटून आला होता.

"अरे, शब्द न् शब्द माझा आहे!"