हरळीचे लाड

डॅलस, टेक्सास
जुलैअखेर

तीर्थरूप बाबांस,


"लेका, अंगणात पिवळं काहून पडलं?" असं तुम्ही फोटो पाहून विचारलंत. फोनवर बोलणं टाळलं, कारण आई शेजारीच होती अन् हसू घरभर झालं असतं. ती हरळी आहे, बाबा. आपल्या काळ्या रानातून जिला हुसकायला तुम्ही भर उन्हात खोल नांगरट करायचात, काशा वेचून बांधावर जाळायचात, तीच. इथं बिल्डर ती विकत आणून अंथरतो आणि घराच्या किमतीत धरतो. ती सुकली की कॉलनीच्या मंडळाची नोटीस येते.

यंदा पावसाचा पत्ता नाही. पारा रोज 100 च्या वर, म्हणजे आपल्या हिशेबानं 38 च्या पुढे. शहराचा नियम असा की आठवड्यातून फार तर दोन वार पाणी, आणि एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी 10 ते संध्याकाळी 6 तुषार बंद. रात्री दिलं तर पातं ओलं राहून बुरशी धरते. म्हणून पहाटे उठतो. तुम्ही मोटारीसाठी रात्रीच्या लाइटीची वाट पाहत जागायचात, ते कापसासाठी तरी होतं.

पिवळेपणाचं कारणही एक नाही. पाऊल टाकल्यावर ठसा तसाच राहिला तर गवत तहानलेलं. मूठभर पाती ओढल्यावर सगळं सतरंजीसारखं उचलून हातात आलं, तर खाली हुमणी! मुळं खाऊन बसलेली, आपल्याकडे असते तशीच पांढरी, वाकडी, आळशी. चौरस फुटात पाच-सहा निघाल्या तरच औषध घालतात. एकदोन दिसल्या म्हणून कुणी धावत नाही. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी कडुलिंब-बाभळी हलवून हुमणीचे भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकायची तुमची पद्धत इथं चालायची नाही. शेजाऱ्याचं झाड अंधारात हलवलं तर पोलीस येतील.

2018 साली भारतात आलेली, मक्याच्या पोंग्यात शिरून तुम्हाला रडवणारी लष्करी अळी मूळची अमेरिका खंडातलीच. एखादी सर पडली की माहेरच्या हक्कानं हिरवळीवर उतरते. ती आहे का हे पाहायला भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून गवतावर ओतायचा. अळ्या वळवळत वर येतात. मी ओतत होतो तर ही खिडकीतून म्हणाली, "सिंकमधली भांडी तशीच ठेवून अंगण काय घासताय?"

शेजारच्या आजोबांचं गवत सेंट ऑगस्टीन जातीचं, रुंद पात्याचं. रस्त्याकडच्या तापलेल्या कडेनं वाळत चाललं होतं, आणि ते बिचारे तहान समजून पाणी देत होते. मी दोन्ही तोंडं कापलेला डबा मातीत दाबला, पाण्यानं भरला. पाच-दहा मिनिटांत रस शोषणारे बारीक किडे वर तरंगले. चिंच बग म्हणतात त्यांना. तेव्हापासून गल्लीत मला कृषी सहायकाचा मान आहे. कालच एक बाई कारल्याचं पान घेऊन आल्या होत्या.

मागच्या कोपऱ्यात एक तुकडा औषधाविना राखलाय. गणपतीच्या दुर्वा तिथल्याच. त्या तुकड्याला ना पाणी, ना खत, ना कुणाचं लक्ष. सगळ्यात तरारून तोच आलाय. हिचं म्हणणं, ही बाप्पाची कृपा. तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, पण पत्रात लिहिण्याजोगं नाही.

तुम्हा दोघांचं येण्याचं तिकीट गणपतीआधीचं आहे, परतीचं बालाजीच्या यात्रेआधीचं. दसऱ्याला देऊळगावात नसाल तर आई मला माफ करणार नाही. एक विनंती : सकाळी फिरायला निघालात की कुणाच्याही दारातली हरळी वाकून उपटू नका. आणि आई, सामान भरताना बाबांच्या पिशवीतलं खुरपं काढून घे.

आपला,
बाळू