कोल्हापूरकरांसाठी बिटर्स : प्रवेशिका

हे मार्गदर्शन पंचविशी ओलांडलेल्यांसाठी आहे. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि त्याहून कडक मालाला २५ अशी वयाची अट आहे. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे नुसतं प्यायलाही परवाना लागतो : एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन. आजीवन परवाना काढलेला गृहस्थ तुमच्या ओळखीत असेल तर तो एक तर फार कायदाप्रिय आहे किंवा फार आशावादी. दोन्ही प्रकारची माणसं यजमान म्हणून चांगली.

आता वस्तूची ओळख. कडू मुळ्या, साली आणि मसाले दारूत मुरवून काढलेला अर्क म्हणजे बिटर्स. १८२४ साली व्हेनेझुएलातल्या अंगोस्तुरा गावात योहान सीगर्ट या जर्मन लष्करी डॉक्टरनं सिमॉन बोलिव्हारच्या सैनिकांच्या पोटासाठी असा एक अर्क तयार केला. त्यातून उभा राहिलेला धंदा पुढे त्रिनिदादला गेला. तोही आपल्यासारखा उसाचाच मुलूख, आणि तिथला ऊस तोडायला १८४५ पासून गिरमिटिये आपल्याच देशातून नेलेले. त्या अंगोस्तुराच्या बाटलीचं लेबल बाटलीहून मोठं असतं, वाढत्या अंगाला शिवलेल्या शर्टासारखं गळ्यापर्यंत येतं. ते असंच असतं. दुकानदाराशी भांडू नये.

आपला विषय मात्र तिची धाकटी बहीण : संत्र्याच्या सालीचं बिटर्स. एकोणिसाव्या शतकातल्या मार्टिनीत ते हटकून असायचं, मग लोक आळसावले आणि ते गळालं. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्रानं कॉकटेलची व्याख्या छापली होती : दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. म्हणजे रंगपंचमीला तुमच्या आतेभावानं कोल्ड्रिंकमध्ये रम ओतून ज्याला कॉकटेल म्हटलं, ते त्या व्याख्येत बसत नाही. त्याला हे सांगू नका. तो काही ऐकणार नाही.

पहिला आणि सगळ्यात अवघड धडा प्रमाणाचा आहे. एका ग्लासात बिटर्स पडतं दोन झटके. एक झटका म्हणजे सहा-आठ थेंब, एक मिलिलिटरहूनही कमी. जगात इतरत्र हे शिकायला फार वेळ लागत नाही. कोल्हापुरात लागतो, कारण इथे वाढणं म्हणजे ओगराळ्यानं वाढणं, आणि पाहुण्यानं हात आडवा धरला तर हाताच्या फटीतून वाढणं. तुम्ही बाटली उपडी करून नाजूक हातानं दोन झटके दिलेत की समोरून आवाज येणारच :

“भावा, दोन थेंबानं काय व्हतंय? वत की!”

ओतू नका. ओतलंत तर पाव्हणा पहिल्या घोटाला तोंड वाकडं करेल, पण मागे हटणार नाही. ‘लई भारी’ म्हणून संपवेल आणि दुसरा मागेल. तुमची बाटली एका संध्याकाळी संपेल आणि पुढची आणायला कुणीतरी मुंबईहून येईपर्यंत थांबावं लागेल. दाजींच्या बाबतीत नियम वेगळा. दाजींना जेवढं पाहिजे तेवढं द्यावं. बहिणीला पुढे त्यांच्यासोबत राहायचं आहे.

बाटली मिळाली नाही तर घरी करता येतं. आपण दारू गाळत नाही, भट्टीचा संबंध नाही, नुसतं भिजवायचं. इथे एकच गोष्ट गंभीरपणे वाचा. त्यासाठी प्रयोगशाळेतलं, रंगाच्या दुकानातलं किंवा ‘ओळखीतून मिळालेलं’ स्पिरिट घ्यायचं नाही. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं मिथेनॉलनं गेली. सीलबंद व्होडका आणा. आपल्याकडे ती बहुधा ४२.८ टक्के असते आणि सालीतलं तेल ओढायला तेवढी पुरते. ते तेल पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. सगळा खेळ एवढ्याचाच आहे. म्हणून तर असा अर्क पाण्यात जास्त पडला की पाणी गढूळ दिसायला लागतं.

फळ कुठलं? परदेशात कडू संत्र्याची साल वापरतात. कपिलतीर्थ मंडईत त्याची चौकशी करून बघा, भाजीवाल्या मावशी तुमच्याकडे ज्या नजरेनं बघतील तोही एक अनुभव आहे. हिवाळ्यात नागपुरी संत्री घ्या. साल सुटी, तेल भरपूर, कडूपणा कमी. मोसंबीची साल मिळमिळीत. कागदी लिंबाची तिखट, ती चिमूटभरच. ईडलिंबू मिळालं तर सोनं, पण ते आईच्या लोणच्यातून वाचलं पाहिजे. राहता राहिलं महाळुंग. ते अंबाबाईच्या उजव्या हातातलं फळ. तिच्या डाव्या हातात पानपात्र आहे हेही मला माहीत आहे. यावर इथे विनोद होणार नाही, मला याच गावात राहायचं आहे.

चार संत्री गरम पाण्यानं धुवा आणि फक्त केशरी पापुद्रा सोला. पांढरं घेऊ नका. ते का नको, हे मुरंबा घालणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. दोन दिवस सावलीत वाळवा आणि पाव लिटर व्होडकात टाका. सोबत दोन लवंगा, चार वेलदोडे, थोडी जायपत्री. बाद्यान घालायचं तर एकच पाकळी, अख्खं फूल टाकलंत तर व्होडकाचा बिर्याणीचा मसाला होईल. कांदा-लसूण मसाला घालू नये. हे लिहावं लागतंय, कारण कुणीतरी घालणार आहे.

कडूपणासाठी काष्ठौषधीच्या दुकानातून काडेचिराईत आणा. परदेशी बिटर्समध्ये जेन्शन नावाचं मूळ असतं आणि आपलं काडेचिराईत त्याच कुळातलं आहे. लहानपणी नाक दाबून जे पाजलं गेलं, त्याच्याच चुलत्याला लोक हॉटेलात पैसे मोजून पितात. त्याच्या थोड्या काड्या वेगळ्या बाटलीत थोड्या व्होडकात भिजवा. एक दिवस पुरे, कारण हा गडी तापट आहे. संत्र्याची बाटली मात्र दहा-पंधरा दिवस रोज हलवायची. मग दोन्ही मलमलीतून गाळा आणि कडू अर्क संत्र्यात थेंबाथेंबानं, चाखत घाला. बाटली औषधांच्या फळीवर ठेवू नका. आजी मधातून घेईल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागेल.

आता प्रत्यक्ष पेय. इथे मात्र कोल्हापूर जगाच्या पुढे आहे. ओल्ड फॅशन्ड नावाच्या पेयात साखर लागते, आपण गूळ घालायचा. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण पेयाला मार्केट यार्डातला पिवळाधमक, देखणा गूळ नको. काळपट, बिनरसायनाचा घ्या. गूळ आणि पाणी समभाग गरम करून गाळा, पाक झाला. साठ मिलिलिटर रम, दोन चमचे पाक, बिटर्सचे दोन झटके, बर्फाचा एक मोठा खडा, आणि थंड होईपर्यंत ढवळणं. व्हिस्कीही चालते. देशी व्हिस्कीतली बरीचशी शेवटी मळीचीच, तेव्हा ऊस दोन्हीकडून येतोच.

शेवटी संत्र्याच्या सालीचा तुकडा ग्लासावर दुमडून त्याचा फवारा पृष्ठभागावर उडवायचा. परदेशात याचे वर्ग घेतात. धाकट्या भावाच्या डोळ्यात साल पिळून जो मोठा झाला त्याला वर्गाची गरज नाही. फक्त नेम बदलायचा आहे.

न पिणाऱ्यांसाठी सोड्यात बिटर्सचे दोन झटके आणि बर्फ. पण यातही अल्कोहोल असतं, हे माळकरी काकांना आधी सांगायचं. नंतर सांगून उपयोग नाही. सोलकढीत घालू नये. उसाच्या रसात घालून बघावं, आलं-लिंबू असलेल्या. रंकाळ्यावर बाटली काढून मात्र नको, तिथे पोलीसही फिरायला येतात.

आणि वेळ पाळा. हे सगळं जेवणाच्या आधी. तांबडा रस्सा टेबलावर आला की बिटर्सचं टोपण लावून टाका. त्यानंतर जिभेला संत्र्याची साल आणि संत्र्याची गोळी यातलं अंतर कळत नाही, आणि पाव्हणं तसंही पांढऱ्याची वाटी पुढं करून बसलेले असतात.