मामांचं पंचांग

निफाडच्या आमच्या मामांचा पंचांगावरचा विश्वास उडाला आहे. अमावास्या निदान आधी छापून येते. कांद्याची अधिसूचना न सांगता येते.

त्यांना स्वतःच्या तिथी पाठ आहेत. १९ ऑगस्ट २०२३ : कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ऑक्टोबरअखेर : टनाला किमान ८०० डॉलर. ८ डिसेंबर : निर्यातबंदी, ३१ मार्चपर्यंत. मार्च संपायच्या आत : बंदी पुढील आदेशापर्यंत. त्या डिसेंबरात मामा लाल कांद्याची ट्रॉली घेऊन लासलगावच्या आवारात उभे होते. लाल कांदा टिकत नाही. लिलाव सुरू होईपर्यंत खालच्या थराला पाणी सुटलं होतं आणि मामा ताडपत्री उचलून वास घेत होते. शहरातल्या गृहिणीचं बजेट सांभाळायचं म्हणजे कुणाच्या तरी नाकाला त्रास होणारच.

भाषणात आपण रोज जागतिक बाजारपेठ काबीज करतो. बाजारपेठेचा स्वभाव मात्र किराणा दुकानाच्या गिऱ्हाइकासारखा. चार वेळा दुकान बंद दिसलं की ते समोरच्याकडे खातं उघडतं. दुबई-कोलंबोच्या व्यापाऱ्यांनी पाकिस्तान, चीन, इजिप्तला फोन लावले. त्या देशांना आपल्याशी स्पर्धा करावीच लागली नाही. आपणच त्यांना पुढे चाल दिली, तीही भर हंगामात.

एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परदेशी जायची मुभा मिळाली. ‘रंग बघून सोयरीक जमते हे ठाऊक होतं,’ मामा म्हणाले, ‘निर्यातही जमते म्हण की!’ इकडे ओरड झाली, तेव्हा सहा देशांसाठी ९९,१५० टनांचा आकडा जाहीर झाला. ९९ हजारांवरचे १५० टन कुणी मोजले, हे मामांना अजून कळलेलं नाही.

४ मेला बंदी उठली; ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क तेवढं राहिलं. नाशिक-दिंडोरीचं मतदान २० मेला होतं. या दोन तारखांचा संबंध जोडणारे लोक कुजक्या मनाचे. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्या, हा भाग वेगळा. सप्टेंबरात किमान किंमत गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं.

तेही अखेर हटलं. १ एप्रिल २०२५ पासून. तारीख ऐकल्यावर मामांनी दोघा व्यापाऱ्यांना फोन करून खात्री करून घेतली.