कमानीचं आजोळ

दहावीच्या बीजगणितात हमखास मार्क देणारा एक प्रश्न असतो: मुळे ४ आणि ७ आहेत, तर वर्गसमीकरण तयार करा. बेरीज ११, गुणाकार २८. क्ष² − ११क्ष + २८ = ० लिहायचं आणि पुढच्या प्रश्नाला लागायचं. एवढ्या भांडवलावर मी सोसायटीत गणितातला जाणकार म्हणून मिरवत आलो आहे.

यंदा गणेशोत्सव समितीनं प्रवेशद्वाराला प्लायची कमान लावायचं ठरवलं. पायांत अंतर १२ फूट, मधोमध उंची ९ फूट, आकार अन्वस्ताचा. "काका, तुमचं गणित चांगलं आहे ना?" असं चारचौघांत विचारल्यावर नाही कसं म्हणणार?

कमानीचे दोन पाय म्हणजेच दोन मुळे, ० आणि १२. पण नुसत्या पायांवरून कमान ठरत नाही. त्याच दोन खड्ड्यांतून बुटकी कमान निघेल, गच्चीपर्यंत जाणारी निघेल, आणि क्ष वर्गाचा सहगुणक धन धरलात तर रस्त्याखाली खंदक निघेल. दहावीच्या समीकरणात उजवीकडे शून्य असतं, त्यामुळे तो सहगुणक गुपचूप भागून टाकता येतो. त्याची कुणी विचारपूसही करत नाही. वक्र काढायला बसलं की मात्र सगळं त्याच्यावरच अडतं.

माझी आत्या लग्नाच्या मांडवात अनोळखी माणसाला आधी आडनाव विचारते, मग गाव. तेवढ्यावर पन्नास घरं शिल्लक राहतात. "आणि आजोळ कुठलं?" या तिसऱ्या प्रश्नाला माणूस सापडतोच. अन्वस्ताचंही तेच. एका रेषेत नसलेले आणि एकाच्या डोक्यावर एक नसलेले तीन बिंदू सांगा, त्याला पळवाट उरत नाही. शिरोबिंदू हाती आला तर आणखी एकच बिंदू पुरतो, कारण तो सममितीचा अक्ष बरोबर घेऊनच येतो. उजवा पाय कळला की डावा विचारावा लागत नाही.

तर य = अ × क्ष × (१२ − क्ष). मध्यावर क्ष ६ आणि य ९, म्हणजे ९ = ३६अ, आणि अ निघाला पाव. उत्तर असं सुटसुटीत आलं की निम्मी खात्री तिथेच पटते. सतरा-त्रेपन्नांश आला असता तर मी तब्येतीचं कारण सांगितलं असतं. पायापासून १ फुटावर उंची २ फूट ९ इंच, २ फुटांवर ५ फूट, ३ फुटांवर ६ फूट ९ इंच, ४ फुटांवर ८ फूट. कागद घेऊन ऐटीत खाली उतरलो.

मिस्त्रींनी कागदाकडे ढुंकून पाहिलं नाही. भिंतीवर १२ फुटांच्या अंतरानं दोन खिळे ठोकले, साखळी अडकवली, ९ फूट झोळ येईपर्यंत सैल सोडली आणि कडेनं पेन्सिल फिरवली. "हेच उलटं करायचं, काका."

म्हटलं, मिस्त्री, हा अन्वस्त नव्हे. गॅलिलिओनं १६३८ साली लोंबती साखळी अन्वस्ताच्या जवळ जाते असं लिहिलं खरं, पण तिचा वक्र वेगळाच. तो १६९१ मध्ये हायगेन्स, लायब्निझ आणि योहान बर्नुली यांनी सोडवून दाखवला.

"कुठल्या मंडळाचे हे?" मिस्त्रींनी विचारलं.

टेप लावली. पायापासून ३ फुटांवर साखळीची कमान ७ फूट ३ इंच भरत होती, माझ्यापेक्षा चांगली अर्धा फूट जास्त. टोक आणि पाय अगदी तेच, खांदे मात्र भरदार. समितीत मतदान झालं आणि साखळी प्रचंड बहुमतानं निवडून आली. त्या खांद्यांवर वॉर्डातल्या दोन इच्छुक उमेदवारांचे फोटो बसत होते ना! दोघांनी घसघशीत वर्गणी दिली होती आणि अट एकच घातली होती: आपला फोटो दुसऱ्यापेक्षा बोटभरही खाली नको. त्यामुळे सममितीचा अक्ष आखायचं काम एकमतानं माझ्याकडे आलं. तो मी दोनदा मोजून आखला. शेवटी, उभे दोघंही राहणार होते.