चखणेश्वर

दादर-परळपासून ठाणे-डोंबिवलीपर्यंत कुठल्याही परमिट रूममध्ये शिरा. चौघांच्या टेबलावर तीन ग्लास आणि एक फ्रेश लाइम सोडा दिसला, की सोडेवाला चखणेश्वर आहे हे नक्की. बाकीचे तिघे प्यायला आलेले असतात. हा जेवायलाही आलेला नसतो. जेवण घरी झाकून ठेवलेलं आहे आणि ते तो घरी जाऊन इमानदारीत जेवणार आहे.

त्याची जागा ठरलेली. किचनच्या ढकलदारासमोर, जिथून प्रत्येक बाहेर येणारी प्लेट आधी त्याच्या नाकाखालून जाते. वरच्या एसी विभागात तो पाय ठेवत नाही. कोळंबी त्याच कढईतली. जिना चढेपर्यंत मऊ पडते आणि महाग होते, एवढाच फरक.

बारवाल्यांचं फुकट चखण्यामागचं गणित साधं आहे. चणे, मूगडाळ, चकलीचे तुकडे, सगळं खारट. मिठाने तहान लागते आणि तहानेने पेग वाढतात. हे गणित चखणेश्वरापाशी येऊन बिनसतं, कारण त्याची तहान सोड्यावर भागते. क्वार्टर म्हणजे 180 मिली, त्यात 60चे तीन लार्ज, हे पिणाऱ्याचं कोष्टक. याच्या कोष्टकात त्याच क्वार्टरच्या तीन वाट्या चणे होतात. त्यामुळे मित्राचा ग्लास तळाला गेला की वेटरला हाक मित्राच्या आधी हाच मारतो. ‘‘यांचं रिपीट कर रे. आणि चणे संपलेत.’’

पण त्याला नुसता फुकट्या म्हणणं अन्यायाचं होईल. मसाला पापडावर कांदा-टोमॅटो किचनमध्येच घालून आणला, तर तो पापड परत पाठवतो. भिजलेला पापड आणि ओला पेपर त्याला सारखेच. शेंगदाणा मसाल्यात दाण्याचं साल हवं, लिंबू शेवटी हवं. बॉइल्ड अंड्यावर मिरपूड आपल्या हाताने. टूथपिकला टोचलेलं चीज-चेरी-पायनॅपल कुठे दिसलं की तो मागवत नाही, पण जुन्या वाड्याची चौकट पाहावी तसं आदराने पाहतो.

समोरच्याने कोळंबी कोळीवाडा मागवून ‘आपल्या कोळ्यांची डिश’ म्हटलं, की चखणेश्वर सोडा खाली ठेवतो. फाळणीनंतर सायन कोळीवाड्यात येऊन वसलेल्या पंजाब्यांची ती डिश आहे, बेसन आणि ओवा कुठून आला असं वाटतं तुला? तो बोलतो ते खरं असतं. तो बोलत असतो तेव्हा कोळंबीही संपत असते, हेही खरं.

मुंबईतले कितीतरी परमिट रूम उडुपी-मंगळूरकडच्या शेट्टी मंडळींचे. मेनूकार्डात मांचुरियन, मुघलाई, तंदूर सगळं असतं. चखणेश्वर ते उघडतच नाही. गल्ल्याशी जाऊन हळूच विचारतो, ‘‘अण्णा, आज स्टाफला काय केलंय?’’ बांगड्याची पुळिमुंची किंवा कोरी रोटी असली, तर एक वाटी टेबलावर येते, बिलात येत नाही. टेबलावरचे तिघे तोवर ऑफिसच्या राजकारणात बुडालेले असतात.

पंचांगही त्याचं वेगळंच. गटारीला तो बारकडे फिरकत नाही. त्या दिवशी किचन घाईत असतं आणि तेल थकलेलं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून त्या काळात सुरमईला हात लावणार नाही. ‘‘बर्फातली आहे,’’ असं वेटरच्या तोंडावर सांगून सुका बोंबील मागवतो.

कायद्याची गंमत तर त्यालाच कळावी. महाराष्ट्रात 1949चा दारूबंदी कायदा अजून जागेवर आहे. पिणाऱ्याकडे परवाना हवा, आणि तो परवाना मिळतो प्रकृतीच्या स्वास्थ्यासाठी. रात्री साडेअकराला टेबलावर डोकं टेकलेल्या तिघांच्या स्वास्थ्याकडे पाहत चखणेश्वर शेवटचा कलेजीचा तुकडा उचलतो. तब्येतीला धक्का न लागलेला तो एकटाच, आणि परवाना नसलेलाही एकटाच.

मग बिल येतं. ‘‘चार भाग करू,’’ असं कुणीतरी म्हणतं. ‘‘मी तर सोडाच प्यालो,’’ हे त्याचं वाक्य तयारच असतं. कलेजी, बोंबील, दोन प्लेट कोळंबी हा तपशील अण्णाच्या अक्षरात असतो, आणि त्या अवस्थेत तो वाचता येणारा टेबलावर एकच माणूस.

त्याचा खरा सण 2 ऑक्टोबर. ड्राय डे, काउंटरवर पडदा, किचन मात्र चालू. चखणेश्वर अख्ख्या टेबलावर एकटाच बसतो, सुरमई सांगतो आणि सवयीने चणेही मागतो.

‘‘साहेब, चणे पेगबरोबर फुकट असतात,’’ वेटर म्हणतो.

तो जरा वेळ विचार करतो. ‘‘बरं. मग सोडा लार्ज आण.’’