जावयाची किल्ली मेल्यास

दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावच्या जत्रा, भरतात, रात्रभर नाटकं चालतात आणि जावई येतात. सदर मार्गदर्शन त्यांपैकी बिनाचावीच्या गाडीतून आमच्या गावी, अड्याळला, येणाऱ्यांसाठी आहे.

नियम १. आल्या आल्या अंगणात प्रात्यक्षिक देऊ नये. आमच्या जावयांनी दिलं. "मामाजी, किल्ली खिशातच ठेवायची, नुसतं बटण दाबायचं." सकाळी परत निघताना त्याच खिशावर हात आपटत ते गाडीभोवती पाच प्रदक्षिणा घालून आले. दार उघडेना.

नियम २. गाडी कोणालाही ढकलू देऊ नये. आमच्याकडे बंद पडलेली वस्तू धक्क्याने सुरू होते, अशी श्रद्धा आहे. धान कापायला निघालेले चौघे विळे खाली ठेवून "धक्का मारू का जी?" म्हणत आले. गाडीला कुलूप, आत हँडब्रेक, तरी त्यांची तयारी होती. त्यांना चहा द्यावा. गाडीची बॅटरी शाबूत असते. जीव गेलेला असतो तो किल्लीतल्या चपट्या सेलचा.

नियम ३. किल्लीच्या पोटात किल्ली असते. कडेचा बारीक खटका सरकवून ओढलं की लोखंडी पातं बाहेर येतं. काही गाड्यांत दाराचं भोकही मुठीजवळच्या टोपणाखाली लपवलेलं असतं. पात्याने दार उघडल्यावर भोंगा बोंबलू शकतो. आमचा बोंबलला. रात्रीचं नाटक अजून संपलं नाही का, असं पलीकडच्या आजीने विचारलं.

नियम ४. आता मुख्य विधी. ब्रेक दाबावा, हाताच्या गिअरची गाडी असल्यास क्लचही. मग बोटाऐवजी किल्लीच सुरू करायच्या बटणाला टेकवून तिच्याच नाकाने बटण दाबावं. किल्लीत आणखी एक चिप असते, तिला सेल लागत नाही. गाडीतलं वेटोळं जवळून तिला तेवढ्यापुरती वीज देतं. नागपूर मेट्रोचं कार्ड असंच चालतं. काही गाड्यांत बटणाऐवजी किल्ली ठेवायचा वेगळा कप्पा असतो. तो कुठे, हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. आमच्या जावयांचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत, अजून न फोडलेलं. ते मी फोडलं, चष्मा लावून वाचलं आणि गाडी सुरू झाली. भोंगाही थांबला. हे सांगायलाच हा लेख लिहिला, असं बायको म्हणते.

नियम ५. नवा सेल. त्यांच्या किल्लीला सीआर२०३२ लागतो: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२, दाब ३ व्होल्ट. मापं नावातच आहेत. २०२५ नंबरचा त्याहून पातळ; तो घालून वर कागदाची घडी ठेवू, असं इंजिनिअर जावई म्हणाले. मी काही बोललो नाही.

जुना सेल मात्र ओट्यावर टाकून ठेवू नका. इथे गंमत नाही. लहान मुलाने गिळला तर काही तासांत अन्ननलिका जाळतो. तसा संशय जरी आला तरी थेट दवाखाना गाठायचा. नातू अंगणात रांगत होता, म्हणून तो सेल मी चिकटपट्टीत गुंडाळून माझ्या खिशात टाकला.

सकाळी सातला दुकान कुठलं उघडं? पण माझ्या साखर मोजायच्या यंत्रात हाच नंबर निघाला. काढून दिला. जावई वाकून पाया पडले, "भंडाऱ्याहून घेऊन पाठवतो" म्हणाले. पोरगा गुणी आहे, विसराळू आहे.

सेल अजून आलेला नाही. मंडईत खाल्लेल्या जिलब्यांचा हिशेब बायकोला त्यामुळे लागलेला नाही, आणि मीही जावयांना आठवण केलेली नाही.